छिन्नीला पाणी

चिमट्यात धरलेली तापलेली छिन्नी, वर्ग जिला काडी म्हणे त्या मुलीने बादलीत बुडवली आणि वाफेच्या फसफसाटातून ‘टिच्’ असा एक बारीकसा आवाज आला. फसफसाट कितीतरी मोठा होता, पण सगळ्यांच्या कानांनी टिपला तो टिच्. कानशी थांबल्या, गप्पा थांबल्या. ज्यांच्या छिन्न्या अजून भट्टीत जायच्या होत्या त्यांनी त्या नकळत मुठीत घट्ट धरल्या.

काडीने चिमटा वर घेतला. धारेपासून निघून वर दांड्याकडे गेलेली केसाएवढी काळी रेघ तिने हातमोज्याच्या अंगठ्याने पुसून पाहिली. रेघ पुसली गेली नाही.

“तेलात, अगं, तेलात!”

मॅडम प्रयोगशाळेच्या दुसऱ्या टोकाला होत्या. बाहेरून आलेल्या परीक्षकांना कडकपणा मोजायचं यंत्र दाखवत होत्या. तिथून भट्टीपर्यंत त्या कशा पोचल्या ते कुणाला दिसलं नाही, पोचल्या एवढं खरं. त्यांनी काडीच्या हातून चिमटा घेतला, छिन्नी खिडकीच्या उजेडात धरली आणि एक मोठा श्वास सोडला.

“अख्खी तेलाची टाकी शेजारी आहे. ही बादली चिमटे गार करायला ठेवलीय. तुला दिसलं नाही?”

“दिसलं, मॅडम.”

“मग?”

“तुम्ही पाणी दे म्हणालात.”

“पाणी दे म्हणजे पाण्यात घाल असं नव्हे गं!”

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच खोकल्याचं सोंग केलं. काडीला हसू येण्यासारखी परिस्थिती नव्हती. वर्गातली ही सर्वांत किरकोळ अंगाची मुलगी. घण उचलताना घणच तिला उचलेल की काय असं वाटायचं, म्हणून काडी. गेल्या वर्षी परीक्षेच्या आठवड्यात ती कावीळ होऊन अंथरुणाला खिळली आणि बाकीचे सगळे विषय सुटले तरी हे एक प्रॅक्टिकल राहिलं. तेवढ्यासाठी तिचं वर्ष अडलं. एका कारखान्याने तिला घ्यायचं कबूल केलं होतं, पण निकालाचा कागद दाखवल्यावर. आज छिन्नी कडक झाली, समोरच्या लोखंडी पट्टीवर तिने नीट खाच पाडली, की काडी सुटली. नाही झाली, तर पुन्हा पुढच्या वर्षी, आणि कारखाना काही कुणासाठी वर्षभर दार उघडं ठेवत नाही.

छिन्नी तिने स्वतः घडवली होती. सगळ्यांनीच घडवली होती. पुस्तकातल्या पोलादाची आणि हातातल्या पोलादाची ओळख करून द्यायची तर एकच रस्ता आहे, असं मॅडमचं ठाम मत होतं. सळई कापायची, तापवायची, ठोकायची, कानशीने घासायची, चटके खायचे. सत्र संपेपर्यंत भावी इंजिनियरांच्या हातांना घट्टे पडायचे आणि त्यातले निम्मे जण घट्टे मित्रांना दाखवत फिरायचे. मॅडमना मुलं ‘ऐरण’ म्हणत. कितीही रडा, कितीही विनवण्या करा, ऐरणीवर काही उमटत नाही. मॅडमना हे नाव ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

पण ते ‘पाणी’ मात्र त्यांना भोवलं. शिकवायला लागण्याआधी मॅडमनी काही वर्षं एका कारखान्याच्या भट्टीखात्यात काढली होती. तिथे हत्यार तापवून झटकन गार करण्याला सगळे ‘पाणी देणं’च म्हणत, मग हत्यार बुडवायचं तेलात असो की आणखी कशात. तो शब्द त्यांच्या जिभेवर जो बसला तो बसलाच. दर सत्राच्या पहिल्या दिवशी त्या फळ्यासमोर उभ्या राहून सांगत, “माझ्या तोंडून पाणी ऐकलंत तर नळाकडे धावू नका. तक्त्यावर काय लिहिलंय ते बघा.” मुलं हसत आणि लक्षात ठेवत. काडी पहिल्या दिवशी नव्हती. ती मागच्या वर्षीची विद्यार्थिनी, तिला नुसत्या ठोकायच्या तासांना बसायची मुभा होती. गेल्या वर्षी तिच्या तुकडीला दुसरे सर होते, आणि तेव्हा तिने पाहिलं होतं ते साधं पोलाद. त्याला खरोखरच पाण्यात बुडवत. यंदाची सळई वेगळी होती, तेलाने कडक होणारी. तसा तक्ता भिंतीवर चिकटवलेला होता. पण तक्ता आणि मॅडम यांच्यात मॅडमचं ऐकावं, एवढं कुठल्याही विद्यार्थ्याला कळतं.

परीक्षक रुमालाने चष्मा पुसत येऊन पोचले. मृदू बोलणारे, वयस्क गृहस्थ. त्यांचा विषय प्लास्टिकचा. नेमलेले परीक्षक आजारी पडले म्हणून त्यांना पाठवलं होतं. भट्टीपासून ते सकाळपासून दोन हात लांबच होते.

“काय झालं?”

“छिन्नीला तडा गेला, सर,” मॅडम म्हणाल्या.

“म्हणजे हिची छिन्नी...?”

“गेली.”

“अरेरे.” त्यांना मनापासून वाईट वाटल्याचं दिसलं. “पण मग गुण कशाचे देऊ मी? सूचना नव्हती का दिलेली?”

“तक्त्यावर तेल लिहिलंय, सर,” मागून एक आवाज आला.

“मॅडम पाणी म्हणाल्या,” काडी म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक झाला होता की परीक्षकांना मान पुढे करावी लागली. पण बोललेलं तिने मागे घेतलं नाही. “छिन्नी आत ठेवली तेव्हा मॅडम इथे आल्या होत्या. म्हणाल्या, रंग आला की काढ आणि पाणी दे.”

परीक्षकांनी मॅडमकडे पाहिलं, मग काडीकडे, आणि दोघींपैकी कुणालाच न दुखावणारी वाट काढावी म्हणून भट्टीशी उभ्या असलेल्या मुलाकडे वळले.

“तू हिचा जोडीदार ना?”

“हो, सर.”

“मग तू इथेच असशील. काय म्हणाल्या मॅडम?”

सगळी प्रयोगशाळा चिडीचूप झाली. त्याचं कारण एकट्या परीक्षकांना ठाऊक नव्हतं. हा मुलगा मॅडमचाच. वर्ग त्याला चिरंजीव म्हणत असे. मॅडमनी त्याला कधी अर्धा गुण जास्त दिला नव्हता, उलट त्याची कानस एकदा दोनदा सगळ्यांसमोर फेकून दिली होती. जोड्याही त्यांनी चिठ्ठ्या टाकून पाडल्या होत्या. एकाने चिमटा धरायचा, दुसऱ्याने भट्टी सांभाळायची, मग अदलाबदल. काडीच्या वाट्याला चिरंजीव आला तेव्हा पोरं तिला म्हणाली होती, तुझी तर चंगळ आहे.

चिरंजीवने हातमोज्याचं टोक ओढलं. मानेवर घाम चमकत होता, पण भट्टीजवळ तो सगळ्यांनाच येतो.

“मला ऐकू आलं नाही, सर,” तो म्हणाला.

मॅडम त्याच्याकडे बघतच राहिल्या. या मुलाचे कान किती तिखट आहेत ते त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? स्वयंपाकघरात नवराबायकोने दबक्या आवाजात त्याच्या नव्या बुटांचा विषय काढावा आणि याने बाहेरच्या खोलीतून मला काळेच हवेत म्हणून सांगावं. आणि भट्टीपाशी उभं राहून त्याला दोन शब्द ऐकू आले नाहीत? त्याने सरळ कानांवर हात ठेवले होते. आईसाठी.

त्यांना आनंद झाला. राग यायला हवा होता, काळजी वाटायला हवी होती, पण आधी आला तो आनंद. एरवी घरात धड दोन वाक्यं न बोलणारा, जेवताना ताटाकडे बघून जेवणारा मुलगा, वेळ आली तेव्हा आईच्या बाजूने उभा राहिला होता. छातीत कुणीतरी ऊबदार हात ठेवावा तसं त्यांना झालं. क्षणभर त्यांनी तो हात तसाच राहू दिला. मग समोर काडी दिसली. पाणी ठिबकणारा हातमोजा तिने अजून काढला नव्हता.

“मी पाणी म्हणाले,” मॅडम परीक्षकांना म्हणाल्या. “ही म्हणते तेच खरं आहे. माझी बोलायची पद्धत आहे ती, आणि हिला ती सांगितलेली नव्हती. चूक हिची नाही.”

वर्गात एक चुळबुळ झाली. ऐरणीने चूक कबूल केलेली पाहायची कुणालाच सवय नव्हती. काडीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि ते लपवायला ती बादलीवर वाकली. मॅडमना हलकं वाटलं. मुलाने आईला पाठीशी घातलं, आईने खरं सांगून ते परत केलं; दोघांचंही चांगलंच झालं, असं त्यांच्या मनात येऊन गेलं. चिरंजीवकडे बघून त्यांनी किंचित मान हलवली, झालं ते झालं, असं सांगणारी. तो भट्टीच्या दाराकडे बघत होता.

परीक्षकांनी हनुवटी खाजवली.

“तुम्ही सांगितलंत ते बरं झालं, मॅडम. पण छिन्नीच नाही म्हटल्यावर मी काय तपासू? दुसरी घडवायला वेळ लागेल?”

“आठवडे लागतील.”

“हं.” ते छिन्नीकडे बघत राहिले. “आमच्याकडे नमुना फुटला की आम्ही मुलांना विचारतो, का फुटला? फुटलेल्या तुकड्यावरून सांगता येतं. पोलादात तसं काही असतं?”

“असतं,” मॅडम म्हणाल्या. “चांगलंच असतं.”

“मग असं करू या. हिने ती तोडावी, आत बघावं आणि का गेली ते मला सांगावं. नीट सांगितलं तर मी पास करतो. चालेल?”

“चालेल,” मॅडम काडीच्या आधीच बोलून बसल्या.

काडीने छिन्नी टेबलाला बसवलेल्या व्हाइसच्या पकडीत धरली, तडा जबड्यांच्या जरा वर राहील अशी. दांडा फिरवून घट्ट आवळली. वर फडकं गुंडाळलं, तुकडा उडू नये म्हणून. हे सगळं तिने कुणी न सांगता केलं आणि मॅडमना बरं वाटलं. मग हातोडा घेऊन तिने एक घाव घातला. पहिल्या घावाला काही झालं नाही. दुसऱ्याला छिन्नीचं टोक फडक्यात पडलं.

फडकं उलगडून तिने तुकडा तळहातावर घेतला आणि खिडकीशी गेली. मॅडम तिच्यामागे गेल्या. भिंगाची त्यांना गरज पडली नाही.

नीट तापवून नीट गार केलेलं पोलाद मोडलं तर आतून करडं दिसतं, चाळलेल्या राखेसारखं, इतकं बारीक की दाणा म्हणून डोळ्याला सापडू नये. काडीच्या तळहातावरचा तुकडा खडेमीठ फोडल्यासारखा चमचमत होता. एक एक दाणा वेगळा दिसत होता. वर्गातल्या अगदी कच्च्या मुलालाही याचा अर्थ सांगता आला असता, कारण हा नमुना त्या दर सत्रात सगळ्यांच्या हातात देत. पोलाद असं पाण्याने होत नाही. पाण्याने तडा जातो, दाणा फुगत नाही. दाणा फुगतो तो भट्टीत, फार तापलं की.

मॅडमनी वळून भट्टीकडे पाहिलं. तापमानाची सुई जिथे असायला हवी तिथेच, आठशे अंशांच्या आसपास होती. दार उघडून छिन्नी काढली की सुई खाली येतेच, आणि मधल्या वेळात बटण कुणी खाली फिरवलं असेल तर आणखीच. बटण भट्टीच्या मागच्या अंगाला होतं, भिंतीवरच्या धूर ओढणाऱ्या पंख्याच्या बरोबर खाली. त्या पंख्याची घरघर अशी होती की तिथे उभं राहून समोरच्याने बोंब मारली तरी कळू नये.

भट्टी चिरंजीवकडे होती.

एवढं त्यांच्या डोक्यात जुळायला फार वेळ लागला नाही. पण जुळल्यावर त्या खिडकीच्या कडेला हात टेकून उभ्या राहिल्या. छिन्नी आत ठेवल्यावर सुई पडली असेल. ती वर यायला वेळ लागतो, आणि चिरंजीवला कधीच धीर नसतो. त्याने मागे जाऊन बटण वर फिरवलं असेल. नेमकं तेव्हा त्या पुढे काडीशी बोलत होत्या. मग तो विसरला असेल आणि आठवल्यावर गुपचूप खाली आणलं असेल. ‘मला ऐकू आलं नाही.’ नसेलच आलं. तो धडधडीत खरं बोलला होता, आणि ते खरं त्यांच्यासाठी नव्हतं. आईने सगळ्यांदेखत स्वतःवर चूक ओढून घेतली तेव्हाही तो मूग गिळून उभा होता.

मघाचा तो ऊबदार हात कुणीतरी काढून घेतला. त्याहून वाईट म्हणजे, तो हात तिथे असल्याचा त्यांना आनंद झाला होता, आणि हे आता एकट्या त्यांनाच माहीत होतं.

“हं, सांग,” परीक्षक म्हणाले.

काडीने तुकडा उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला. तिची नजर एकदा भट्टीकडे गेली, तिथून चिरंजीवकडे, आणि मग मॅडमवर येऊन थांबली. तिला कळलं आहे हे मॅडमना कळलं. मघाशी ज्या बाईने वर्गासमोर आपली बाजू घेतली, तिचाच मुलगा. काडी घुटमळली.

“पाण्यामुळे,” ती म्हणाली. “हे पोलाद तेलाचं. पाण्यात फार पटकन गार झालं. बाहेरची बाजू आधी आकसली, आत ताण आला आणि तडा गेला.”

“छान,” परीक्षक म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला. कुणाला नापास करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. “मला पटलं. मॅडम, तुमचा विषय आहे. उत्तर पूर्ण आहे ना?”

फक्त ‘हो’ म्हणायचं होतं. काडी पास. कारखाना तिला घेईल. परीक्षक खूश होऊन चहाला जातील. चिरंजीवची छिन्नी पुढच्या खेपेला भट्टीत जाईल, या वेळी नीट, कारण असला धडा कुणी विसरत नाही. मॅडमच्या नावावर एक प्रांजळ कबुली जमा झालीच होती. कुणाचंच काही बिघडत नव्हतं. सांगितलेलं खोटंही नव्हतं. पाण्यात घातलं नसतं तर छिन्नी कदाचित वाचली असती. कदाचित.

काडी त्यांच्याकडे बघत होती. नजरेत विनवणी नव्हती, उलट समजूतदारपणा होता, आणि तोच मॅडमना सहन झाला नाही. विशी ओलांडलेल्या मुलीने, जे दिसतंय ते न सांगण्याचं ठरवून, त्यांना सांभाळून घेतलं होतं.

“नाही,” मॅडम म्हणाल्या. “अर्धं आहे.”

काडीचा चेहरा पांढरा पडला.

“तुला काय दिसतंय ते सांग,” मॅडम म्हणाल्या. “काय झालं असेल ते नंतर. आधी, दिसतंय काय?”

“दाणा,” काडी म्हणाली.

“कसा?”

“जाड. खूप जाड.” तिने तुकडा उजेडाकडे फिरवला. “भट्टी जास्त तापली होती. आधीच. मग पाणी. नुसत्या पाण्याने दाणा असा होत नाही.” मग एकदम, बांध फुटल्यासारखी, “मी काढली तेव्हा मला रंग लालऐवजी नारिंगी वाटला होता, मॅडम. म्हटलं, खिडकीतल्या उन्हामुळे तसं दिसत असेल.”

“उन्हात रंग फिका दिसतो. जास्त तापल्यासारखा नाही.”

“हो.”

“आता पूर्ण आहे,” मॅडम परीक्षकांना म्हणाल्या.

परीक्षकांनी तुकडा हातात घेऊन चष्म्याजवळ नेला. प्लास्टिकमध्ये असलं काही नसतं, त्यामुळे त्यांना खरोखर कुतूहल वाटलं असावं. “काय चमकतंय हो,” ते म्हणाले. मग भट्टीकडे बघत त्यांनी विचारलं, “पण मग भट्टी कोण बघत होतं?”

मॅडमना सांगता आलं असतं, पण ते त्यांनी सांगायचं नव्हतं. पंख्याची घरघर पुढेपर्यंत ऐकू येत होती. त्या मनातल्या मनात म्हणत होत्या, बोल, बोल की रे.

“मी,” चिरंजीव म्हणाला. “बटण मी वर केलं होतं. तापायला वेळ लागत होता म्हणून. मग सुई फार पुढे गेलेली दिसली, तेव्हा खाली आणलं. हिला सांगितलं नाही.” तो थांबला. “कुणालाच सांगितलं नाही.”

मागून कुणी हसलं नाही की खोकलं नाही.

“हं,” परीक्षक म्हणाले. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, घातलं, पुन्हा काढलं. “मुलगी पास. तुझं काय करायचं ते मॅडम ठरवतील. तुझी छिन्नी अजून व्हायचीय ना?”

“त्याची आज होणार नाही,” मॅडम म्हणाल्या. “भट्टी सांभाळणं हाही परीक्षेचाच भाग आहे. तो फेरपरीक्षेला बसेल.”

“जरा कडक होतंय का?” परीक्षक हळूच म्हणाले.

“नियम आहे, सर.”

तेवढ्यात एका मुलाने परीक्षकांच्या कानाशी लागून काहीतरी सांगितलं. परीक्षकांनी चमकून चिरंजीवकडे, मग मॅडमकडे पाहिलं, आणि घाईघाईने कडकपणा मोजायच्या यंत्राकडे चालू लागले.

पुढची जोडी भट्टीशी आली. मॅडम स्वतः सुईसमोर उभ्या राहिल्या आणि प्रत्येकाला बजावत गेल्या, तेलात, तेलात घाल. पाणी हा शब्द त्या दिवशी त्यांनी पुन्हा उच्चारला नाही. एकाने तहान लागली म्हणून बाहेर जायची परवानगी मागितली तेव्हा त्या त्याच्याकडेही संशयाने बघत राहिल्या आणि मग पहिल्यांदाच सगळा वर्ग हसला. काडी हसली ती सर्वांत मोठ्याने. जाताना तिने मॅडमपाशी येऊन तो चमचमता तुकडा मागितला.

“कशाला गं?”

“ठेवते. माझा आहे ना.”

“तुझाच आहे. ने.”

संध्याकाळी प्रयोगशाळा रिकामी झाली. भट्टी बंद केली, पंखा बंद केला, आणि एवढा वेळ तो चालू होता हे बंद झाल्यावर जाणवलं. मॅडम तेलाच्या टाकीवर झाकण सरकवत होत्या. चिरंजीव ऐरणींखाली पडलेली काळी खपली झाडून गोळा करत होता. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

“मी सांगणारच होतो,” तो झाडू न थांबवता म्हणाला.

“कधी?”

“तेव्हाच. पण तू बोलायला लागलीस. पाणी म्हणाले वगैरे. मग राहिलं.”

“राहिलं,” मॅडम म्हणाल्या.

“चुकलं माझं.”

“चुकलं खरं.” त्यांनी झाकणाचा खटका दाबला. भट्टीबद्दलचा त्यांचा राग केव्हाच ओसरला होता. घाई कुणीही करतो. त्यांनी स्वतः कारखान्यात पहिल्या वर्षी याहून महाग वस्तू जाळल्या होत्या. आणि शेवटी तो बोलला होता, सगळ्यांसमोर, कुणी ढकललं नसताना. तेवढ्याने त्यांचा जीव भांड्यात पडला होता. तरी एक गोष्ट मनातून जाईना. ती विचारण्यात काही अर्थ नव्हता, हेही त्यांना कळत होतं.

“तू खरंच मागे होतास? मी तिच्याशी बोलले तेव्हा?”

“हो ना. पंख्याखाली. काहीच ऐकू येत नाही तिथे.”

“आणि ऐकू आलं असतं तर?”

“म्हणजे?”

“त्यांनी तुला विचारलं, मॅडम काय म्हणाल्या. तू ऐकलं असतंस, तर काय सांगितलं असतंस?”

तो झाडूच्या दांड्यावर हात ठेवून थांबला. प्रश्न त्याला जरा विचित्रच वाटल्याचं दिसलं.

“पाणी म्हणालीस म्हणून,” तो म्हणाला. “दुसरं काय सांगणार?”

“सगळ्यांसमोर?”

“मग काय झालं? म्हणाली होतीस ना तू.” आणि खपलीने भरलेलं सूप उचलून तो कचऱ्याच्या पिंपाकडे गेला.

उत्तर अगदी बरोबर होतं. त्यांनी त्याला लहानपणापासून हेच शिकवलं होतं, आणि इतक्या सहजपणे दिलेलं उत्तर शिकवल्याशिवाय येत नाही. मॅडमनी दिवे मालवले, कुलूप घातलं, ओढून पाहिलं. बसस्टॉप बराच लांब होता. तिथे पोचेपर्यंत त्या त्याच्याशी एक शब्दही बोलल्या नाहीत.